मोडलेले कान

माझे थोरले आप्पा पैलवान होते. अर्थात आम्हा मुलांना कळू लागले तेव्हा ते एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होते आणि अंगात खाकी सदरा घालत असत. पण कान मात्र पैलवानाचेच राहिले होते. मातीत घासून, पकडीत चेंगरून, आत रक्त साकळून घट्ट झालेले, सुकलेल्या अंजिरासारखे दोन कान. लहानपणी मी त्यांच्या मांडीवर बसून ते कान दाबून पाहत असे. त्यांना काही लागत नसे. "दाब की. त्यात आता काय बी ऱ्हायलं नाही," असे म्हणून ते हसत.

तसे कान मला पुन्हा दिसले ते २०१९ च्या मार्च महिन्यात, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी आईला पोहोचवायचे म्हणून मी रजा काढून गेलो होतो. बहिणीच्या शेजारी एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ राहत. सकाळी कचऱ्याची पेटी रस्त्यावर आणून ठेवताना त्यांची-माझी गाठ पडली आणि माझी नजर पहिल्यांदा गेली ती त्यांच्या कानांकडे. "आपण कुस्ती खेळत होता काय?" असे मी न राहवून विचारले. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "नाही, रग्बी." आणि मग, आमच्याकडचा म्हातारा पैलवान जसा कुणी विषय काढण्याचीच वाट पाहत असतो तसे, ते थंडीत तिथेच उभे राहून अर्धा तास बोलत राहिले. चहा गार झाला म्हणून बहीण दारातून दोनदा डोकावून गेली.

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा कुणी पाहिलेला नाही. आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात तर त्याचा चेंडूही नाही. म्हणून दोन शब्द सांगितले पाहिजेत. पंधरा-पंधरा गडी, लांबट चेंडू. चेंडू हातात घेऊन पळायचे, पण सहकाऱ्याला हाताने द्यायचा तर मागच्या अंगालाच द्यायचा, पुढे फेकायचा नाही. पळणाऱ्याला कमरेखाली मिठी मारून पाडायचे. ही अस्सल आपल्या कबड्डीची पकड. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की पाच गुण. आणि मधूनमधून दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी डोक्यात डोकी घालून एकमेकांना रेटत राहतात. कान मोडतात ते तिथे.

शेजाऱ्यांची तरुणपणाची सगळी वर्षे मोटारीच्या कारखान्यात गेली. आठवडाभर कारखाना आणि शनिवारी कॉव्हेंट्री क्लबच्या दुसऱ्या संघात खेळ. त्या क्लबच्या पहिल्या संघाने १९७३ आणि १९७४ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडमधल्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा जिंकली होती. या गृहस्थांना खेळाचा एक पैसा कधी मिळाला नाही, उलट क्लबची वर्गणी ते स्वतः भरत. पैसा घेणे हे पापच होते. रग्बीतले ते पाप किती मोठे मानले जाई, हे मला पुढे वाचनातून कळले, आणि अर्थशास्त्राचा मास्तर असल्यामुळे मी त्यात गुंतत गेलो.

गोष्ट १८९५ सालची आहे. इंग्लंडच्या उत्तरेकडचे खेळाडू गिरण्यांत आणि खाणीत राबणारे. शनिवारी सामना म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडाली. ती बुडालेली मजुरी तरी भरून द्या, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. लंडनकडच्या, सुखवस्तू घरांतून आलेल्या मंडळींनी ती नाकारली. खेळ खेळासाठी खेळावा, हे त्यांचे म्हणणे. ज्याची मजुरी बुडत नाही त्याला हे म्हणणे सोपे जाते. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि खेळाडूला दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत भरपाई देण्याचे ठरवले. त्यातूनच तेरा गड्यांचा रग्बी लीग हा स्वतंत्र खेळ जन्माला आला. जो तिकडे गेला त्याला पंधरांच्या रग्बीने वाळीत टाकले. वाळीत म्हणजे आपल्याकडच्या जुन्या अर्थाने वाळीत: पुन्हा मैदानावर पाऊल ठेवायचे नाही. हा बहिष्कार थोडीथोडकी नव्हे, शंभर वर्षे चालला. मग २६ ऑगस्ट १९९५ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने जाहीर केले की यापुढे खेळाडूंना पैसे द्यायला हरकत नाही. तारखा जुळवून पाहिल्या तर शतकाला तीनच दिवस कमी पडतात.

त्याच वर्षी युरोपातल्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. पहिला सामना ३१ ऑक्टोबर १९९५ रोजी रुमानियात, काळ्या समुद्राच्या काठच्या कॉन्स्टांटा गावी झाला. संघ बाराच होते; इंग्लंड-स्कॉटलंडचे क्लब आलेच नव्हते. फ्रान्सच्या तुलूझ संघाने अंतिम सामन्यात कार्डिफला जादा वेळेत हरवले, तेव्हा प्रेक्षक एकवीस हजारांच्या आसपास होते. २०२४ चा अंतिम सामना लंडनमध्ये याच तुलूझने आयर्लंडच्या लेन्स्टरला हरवून जिंकला, तोही जादा वेळेतच, आणि तो पाहायला एकसष्ट हजारांवर माणसे आली होती. स्पर्धेला एका बिअरच्या कंपनीचे, हायनेकनचे नाव होते. फ्रान्समध्ये दारूच्या जाहिरातीला कायद्याने बंदी, म्हणून तिथे तिचा उच्चार फक्त 'एच कप' असा करीत! पैशाला सोवळे नेसवण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही.

शेजाऱ्यांनी मला दोन सामने दाखवले. पहिला त्यांच्या जुन्या क्लबचा, बट्स पार्क या छोट्या मैदानावर. हा क्लब आता दुसऱ्या विभागात खेळतो. तिकीट देणारा, चहा विकणारा, रेषेवर झेंडा घेऊन उभा असलेला, सगळे यांना नावाने हाक मारत होते. पुढच्या आठवड्यात ते मला शहराबाहेरच्या भव्य क्रीडागारात वॉस्प्सचा सामना पाहायला घेऊन गेले. वॉस्प्स म्हणजे गांधीलमाश्या. क्लब लंडनचा, १८६७ सालचा. १८७१ मध्ये इंग्लंडची रग्बी संघटना स्थापन झाली त्या बैठकीला म्हणे यांचा प्रतिनिधी चुकीच्या गुत्त्यात जाऊन बसला, त्यामुळे संस्थापकांच्या यादीत नाव लागले नाही. ही कथा खरी असो वा नसो, क्लबच्या पुढच्या चरित्राला ती शोभते. खेळाला पैसा आल्यावर हा क्लब बिऱ्हाडे बदलत राहिला. सडबरी सोडून लॉफ्टस रोड, तिथून हाय विकम, आणि २०१४ च्या डिसेंबरात थेट कॉव्हेंट्री. तिथले क्रीडागार चालवणारी कंपनीच त्यांनी विकत घेतली.

"तुमच्या गावात एवढा मोठा संघ आला, बरे वाटले असेल," मी म्हणालो.

"ते पाहुणे आहेत," शेजारी म्हणाले. "फक्त घर त्यांनी विकत घेतले आहे."

मात्र खेळ सुरू झाल्यावर त्यांची मान रेषेपासून हलली नाही. पाहुण्यांचा एक गडी तीन जणांना अंगावर घेऊन रेषेपार गेला तेव्हा ते उठून उभे राहिले आणि मग माझ्याकडे पाहून जरा ओशाळल्यासारखे खाली बसले. मध्यंतरात त्यांनी मला २००४ च्या अंतिम सामन्याची गोष्ट सांगितली. ट्विकनहॅमवर वॉस्प्स आणि तुलूझ वीस-वीस अशा बरोबरीत. शेवटची एक-दोन मिनिटे उरलेली. वॉस्प्सच्या रॉब हाउलीने डाव्या कडेने चेंडू लाथाडला. तो घरंगळत रेषेकडे निघाला. तुलूझचा पोआत्रनो चेंडूवर ओणवा झाला, पण हात लावीना. चेंडू रेषेपार जाऊ द्यावा, मग निवांत टेकवावा, असा त्याचा हिशेब. लांबट चेंडू कुणाच्या हिशेबाने घरंगळत नाही. हाउली पाठून धावत आला आणि त्याच्या नाकाखालून त्याने चेंडू टेकवला. सत्तावीस-वीस. लंडनच्या पाहुण्यांचा तो विजय सांगताना म्हाताऱ्याने दोन्ही हात पुढे करून, वाकून, चेंडू कसा थबकला ते आसनांच्या मधल्या वाटेत दाखवले. आमच्या थोरल्या आप्पांनीही असेच कितीदा ओसरीवर घोंगडे अंथरून मला एकलंगी आणि ढाक दाखवली होती.

आप्पांची हकीगत इथेच सांगून टाकतो. कोल्हापूरच्या तालमींना शाहू महाराजांनी आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान बांधून पुरे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. संस्थाने गेली. पैलवानाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, थंडाई, यांचा खर्च राजाकडून पुढे साखर कारखान्यांकडे आला. आप्पा या दुसऱ्या राजवटीतले. गावच्या जत्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात करून ते आनंदवाडीच्या आखाड्यापर्यंत पोहोचले. चार-सहा वर्षे त्यांना मानधन मिळाले. मग एका मैदानात गुडघा फिरला. मानधन बंद झाले. कुणी वाईट हेतूने बंद केले असे नव्हे, यादीत पुढच्या वर्षी दुसरे नाव आले एवढेच. कारखान्याने फाटकावरची नोकरी दिली, हे उपकारच म्हणायचे. व्यायाम सुटला, पण भूक पैलवानाची राहिली आणि पन्नाशीच्या आत मधुमेहाने धरले. मी हायस्कूलात असताना तालमीत जाऊ लागलो, तेव्हा वडिलांनी एका वाक्यात माझे नाव कापले. "घरात एका माणसाचे कान मोडलेत, तेवढे पुरे." त्या एका वाक्याने मी प्राध्यापक झालो. त्याबद्दल वडिलांचे आभार मानावेत की नाही, हे मला या वयातही ठरवता आलेले नाही.

पुन्हा वॉस्प्सकडे वळू. क्रीडागार घेतल्यावर २०१५ मध्ये त्यांनी जनतेकडून साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे उभारले. मुदत सात वर्षे, व्याज साडेसहा टक्के. बी.कॉम.च्या मुलांनी इथे जरा थांबून पाहावे. बँकेत एक-दीड टक्का मिळत नसताना साडेसहा टक्के व्याज जो देऊ करतो, त्याचे व्याज बघायचे नसते, त्याची गरज बघायची असते. (आमच्या भागात एका पतसंस्थेने असेच चढे व्याज देऊ केले होते. त्यात माझ्या आईच्या बांगड्यांचे पैसे होते. असो.) मुदत संपली मे २०२२ मध्ये. मधल्या काळात करोनाची साथ येऊन क्रीडागारे ओस पडली होती. इंग्लंडच्या सरकारने पहिल्या विभागातल्या क्लबांना बारा कोटी पौंडांच्या वर कर्ज दिले, पण कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी वॉस्प्सचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला आणि त्याच दिवशी १६७ माणसे कामावरून कमी झाली. त्यात सगळे खेळाडू, सगळे शिक्षक आले. वूस्टरचा क्लब त्याआधी तीन आठवडे बुडाला होता. पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश गेला. नऊ-दहा महिन्यांत तेरांतले तीन क्लब संपले आणि पहिल्या विभागात दहा उरले. वूस्टर २०२५ मध्ये दुसऱ्या विभागात परत उभा राहिला. युरोपचा चषक दोनदा, २००४ आणि २००७ मध्ये, जिंकलेल्या वॉस्प्सचा संघ मात्र त्या ऑक्टोबरनंतर पहिल्या विभागात पुन्हा उतरलेला नाही.

त्या आठवड्यात मी शेजाऱ्यांना फोन केला. मला वाटले होते, ते 'मी म्हटले नव्हते काय' असे म्हणतील. ते म्हणाले, "पाहुणे गेले. रस्त्यावर फार शांतता आहे."

हे का घडते, यावर मी वर्गात एक तास घेतला. मुलांना आवडला, परीक्षेत प्रश्न येणार नाही हे कळल्यावर तर फारच आवडला. हिशेब असा आहे. रग्बीत मोठा पैसा राष्ट्रीय संघांच्या सामन्यांना मिळतो, ऐंशी हजार माणसे त्याला येतात. खेळाडूचा पगार मात्र बव्हंशी क्लबाने द्यायचा. चांगले खेळाडू थोडे, क्लब अनेक, म्हणून पगार चढत जातात. मग वेतनाला मर्यादा घालतात. सॅरासेन्स या क्लबाने २०१६, २०१७ आणि २०१९ असा तीनदा युरोपचा चषक जिंकला, आणि मर्यादा ओलांडल्याबद्दल त्याला ५३ लाख पौंडांच्या वर दंड होऊन अखेर खालच्या विभागात जावे लागले. तूट येते ती कोणीतरी हौशी श्रीमंत मालक भरून काढतो. तो कंटाळला, किंवा त्याचा मूळ धंदा बसला, की झाले. २०१८ च्या अखेरीस इंग्लंडच्या क्लबांनी आपल्या स्पर्धेच्या व्यापारी हक्कांतला सत्तावीस टक्के हिस्सा एका गुंतवणूक कंपनीला वीस कोटी पौंडांहून अधिक रकमेला विकला. एकदा पैसा आला, खर्च झाला. सत्तावीस टक्के उत्पन्न मात्र दरवर्षी दुसऱ्याच्या घरी जाणार. शेतकऱ्याच्या मुलांना मी विचारले, याला तुमच्याकडे काय म्हणतात? मागच्या बाकावरून उत्तर आले, "बियाणं विकून लग्न करणं, सर."

फ्रान्सचे तसे नाही. २०२१ ते २०२५ या पाचही वर्षांत युरोपचा चषक फ्रेंच क्लबांनीच नेला: तुलूझ, दोनदा ला रोशेल, पुन्हा तुलूझ, आणि बोर्दो-बेग्ल. तिथे, विशेषतः दक्षिणेत, क्लब हा गावाचा असतो. कित्येक ठिकाणी मैदान नगरपालिकेचे, दूरचित्रवाणीचे पैसे घसघशीत, आणि हरलेल्याने खालच्या विभागात जायचे ही भीती कायम. आयर्लंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे लेन्स्टर, मन्स्टर हे क्लब नव्हेत, प्रांत आहेत. ते राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली चालतात आणि मोठ्या खेळाडूंच्या पगाराचा मोठा भाग संघटना देते. शिवाय देशात राहून निवृत्त होणाऱ्या खेळाडूला दहा वर्षांच्या मिळकतीवरच्या करातला काही भाग परत मिळतो. कर-कायद्याच्या एका कलमाने खेळाडू देशात टिकतात, हे पाहून अर्थशास्त्राच्या मास्तराला आनंद होणारच. वेल्समध्ये आयर्लंडसारखीच प्रांतांची मांडणी करून पाहिली. ती लोकांच्या मनात रुजली नाही. १९९६ चा पहिला अंतिम सामना ज्या कार्डिफने खेळला त्याचाही कारभार एप्रिल २०२५ मध्ये प्रशासकांकडे गेला आणि राष्ट्रीय संघटनेला तो विकत घ्यावा लागला.

स्पर्धा तरी कुणाची, यावरून भांडणे झालीच. इंग्लंडच्या क्लबांनी १९९८-९९ मध्ये बहिष्कार घातला. २०१४ मध्ये इंग्लिश आणि फ्रेंच क्लबांनी जुनी स्पर्धा मोडायला लावून नवी घडवली. कचेरी डब्लिनहून उठून स्वित्झर्लंडला गेली. २०२२ पासून तर दक्षिण आफ्रिकेचे संघ 'युरोप'च्या या चषकात खेळू लागले. विषुववृत्त ओलांडून सामन्याला जायचे म्हटल्यावर कित्येक क्लब दुय्यम खेळाडूंचा संघ पाठवतात आणि चांगले गडी घरच्या साखळीसाठी राखून ठेवतात. लोक तिकीट काढतात ते काय पाहायला? आता तर आपल्या आयपीएलच्या धर्तीवर गावोगाव फिरणारी आर-३६० नावाची साखळी काढण्याचा बेत पुढे आला. तिथे जो खेळेल त्याला राष्ट्रीय संघात घेणार नाही, असे ऑक्टोबर २०२५ मध्ये इंग्लंड, फ्रान्स, न्यूझीलंड यांच्यासह आठ देशांच्या संघटनांनी बजावले, आणि पुढच्याच महिन्यात त्या साखळीने आपला मुहूर्त २०२८ वर ढकलला. मला १८९५ ची आठवण झाली. वाळीत टाकण्याची भाषा तीच. फरक इतका की तेव्हा भांडण दिवसाच्या सहा शिलिंगांचे होते.

आपल्याकडेही ती हवा आली आहे. जून २०२५ मध्ये मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात, सात-सात गड्यांच्या रग्बीची सहा शहरसंघांची स्पर्धा झाली आणि चेन्नईने ती जिंकली. पण रग्बीचे आणि हिंदुस्थानचे नाते त्याहून कितीतरी जुने आहे आणि त्याची आठवण मला राहून राहून येते. कलकत्त्याच्या इंग्रजांनी १८७३ मध्ये रग्बीचा क्लब काढला. पुढे मंडळी पोलो आणि टेनिसकडे वळली, क्लबातली फुकटची दारू बंद झाली, सभासद गळाले. १८७८ मध्ये उरलेल्यांनी क्लब मोडायचे ठरवले तेव्हा बँकेत शिल्लक होती. ती त्यांनी वाटून घेतली नाही. चांदीचे रुपये काढून आणले, वितळवले आणि त्यांचा चषक घडवला. तीन नाग हे त्याचे तीन कान आणि झाकणावर हत्ती. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही दरवर्षी त्यासाठी खेळतात. क्लब बुडावा तर असा, हे मी वर्गात म्हणालो. साडेतीन कोटींचे रोखे मागे ठेवून बुडण्यापेक्षा, मिळतील तेवढे रुपये वितळवून.

आमच्या कन्नड विभागाचे संपादक माझे स्नेही आहेत. हे सगळे मी त्यांना कॅन्टीनमध्ये तावातावाने सांगितले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "होगली बिडी, सर. क्लब बुडाला तर माणसे दुसरा काढतील. डोके बुडाले तर?"

त्यांनी नेमकी ती गोष्ट काढली जी मी वर्गात टाळली होती. स्टीव्ह थॉम्पसन हा इंग्लंडचा खेळाडू. त्या आठ-आठ जणांच्या रेटारेटीत पुढच्या ओळीच्या मधोमध उभा राहणारा. २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. २०२० च्या डिसेंबरात, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीरपणे सांगितले की त्याला अकाली स्मृतिभ्रंश झाला आहे आणि विश्वचषक जिंकल्याचे त्याला काहीही आठवत नाही. चित्रफितीत तो स्वतःला पाहतो, पण आठवत नाही. त्याने आणि इतर अनेक माजी खेळाडूंनी संघटनांवर दावे लावले. २०२४ पासून वरच्या दर्जाच्या रग्बीत दातांवरच्या कवचात यंत्र बसवले आहे. डोक्याला मोठा हिसका बसला की मैदानाबाहेरच्या डॉक्टरला खूण मिळते. हौशी काळातले खेळाडूही पडत, डोकी आपटत. पण ते आठवड्यातून एक सामना खेळत आणि सोमवारी कारखान्यात जात. पगारी खेळाडू रोज सराव करतो, अंगाने दुप्पट होतो आणि तेवढ्याच जोराने समोरच्या दुप्पट अंगावर आदळतो. तो दिवसाचे आठ तास तेच करतो, कारण आता तीच त्याची नोकरी.

थोरल्या आप्पांना अखेरपर्यंत सगळे आठवत होते. डोळे गेले, एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला, पण कोणत्या जत्रेत कोणाशी, कोणत्या डावावर, आणि वर बांधलेल्या फेट्याचा रंग कोणता, हे ते सांगत. त्यातले किती खरे होते कुणास ठाऊक! पण ते त्यांच्याकडे होते.

गेल्या सप्टेंबरात बी.कॉम. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे आला. खानापूर तालुक्यातला, कबड्डीत उजव्या कोपऱ्याला उभा राहतो. आमच्या कॉलेजाला विद्यापीठाच्या स्पर्धेत त्याने दोन वर्षे अंतिम फेरीपर्यंत नेले. त्याला बेंगळुरूला एका व्यावसायिक संघाच्या निवड-शिबिराचे पत्र आले होते. शिबिर दोन महिन्यांचे, पुढे करार झाला तर सबंध मोसम. हजेरीसाठी जिमखान्याचा अध्यक्ष म्हणून माझी सही हवी होती. वडील दुसऱ्यांच्या रानात काजू वेचायला जातात. घरात विचारलेस काय, म्हटले. "विचारलो की सर. बाबा म्हणाले, सरांना विचार."

माझ्या तोंडावर ते वाक्य आले होते. एका माणसाचे कान मोडलेत, तेवढे पुरे. मी ते गिळले. म्हटले, कराराचा नमुना दिला आहे काय? त्याने पिशवीतून चार पाने काढली, इंग्रजीत. वाचलीस काय? "पहिलं पान वाचलो, सर. पैशाचं त्याच्यातच हाय."

आम्ही दोघांनी बसून चारही पाने वाचली. दीड तास लागला. तिसऱ्या पानावर एक कलम होते: खेळाडू दुखापतीमुळे सलग सहा आठवडे खेळू शकला नाही, तर संघाला करार संपवता येईल. विम्याचा उल्लेख होता, पण रक्कम कोरी. मी त्याला ते कलम पुन्हा मोठ्याने वाचायला लावले. त्याने वाचले. मग पेन मागून घेऊन त्या कोऱ्या जागेखाली रेघ मारली आणि म्हणाला, "हे मी तिथं विचारतो. न्हाई सांगितलं तर परत येतो."

"आणि सांगितलं तर?"

तो काही बोलला नाही. मी सही केली. आठवडाभर मला नीट झोप लागली नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला त्याला पोहोचवायला मी स्टेशनवर गेलो होतो. सबंध संघ आला होता, हार वगैरे. डब्यात बसल्यावर त्याने पिशवी उघडून सगळे पुन्हा लावले. गुडघ्याच्या पट्ट्या, बूट, आईने दिलेला चिवड्याचा डबा. कॉस्टिंगचे पुस्तक त्याने आधी वर ठेवले होते. ते काढून त्याने तळाशी घातले. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर म्हणाला, "जड हाय सर. खाली असलं म्हणजे पिशवी नीट उभी ऱ्हाते."